वासाला रकाना नाही

अंबडला, पिंजारीच्या गॅरेजात, सकाळी साडेदहा.
निकुंभ साहेब गाडीभोवती दोनदा फिरले.
प्रदक्षिणा म्हणावी तर हात जोडलेले नव्हते,
एका हातात मोबाईल, दुसऱ्यात माझी पॉलिसी, कानावर पेन.
बंपरचा फोटो. डाव्या मडगार्डचा फोटो.
फुटलेल्या दिव्याचा तीनदा,
कारण उरलेल्या काचेत त्यांचंच पोट येत होतं.

"कुठे झालं?"
द्वारकेला, पुलाखाली. आयशर मागे आला.
"तो मागे आला, की तुम्ही पुढे गेलात?"
साहेब, द्वारकेला पुढे कोण जातं?
ते हसले नाहीत.

मग घसारा काढायला बसले, टायरच्या चळतीवर.
प्लास्टिकचे निम्मे गेले. रबराचे निम्मे गेले.
पत्र्याला सहा वर्षं झाली,
म्हणजे शंभरातले चाळीस मी न विचारताच खाल्ले होते.
काच तेवढी पूर्ण. काच म्हणे झिजत नाही.
मी चष्मा पुसला आणि पुन्हा आकडा पाहिला.
पिंजारीचा कागद म्हणत होता एकेचाळीस हजार तीनशे,
साहेबांचं पेन एकवीसवर येऊन उभं.
सव्वीस करा, म्हटलं.
"ताई, ही भाजी नाही."
भाजीवाला निदान कोथिंबीर देतो.
पिंजारी गाडीखाली शिरला आणि तिथे जाऊन खोकला.

मागच्या दारावरच्या पोचेवर त्यांनी अंगठा फिरवला,
अंगठा मला दाखवला. तांबूस.
"अपघात मंगळवारचा, गंज दिवाळीचा."
खरं होतं.
फराळाची घाई, सिन्नरहून परतताना रात्र,
शिंद्याच्या टोलनाक्यावरचा तो खांब.
पण मी खरं बोलायला आले नव्हते,
गाडी सोडवायला आले होते.
पत्रा हलका असतो हल्ली, म्हटलं, लवकर गंजतो.

त्यांनी डिकी उघडली
आणि काहीच लिहिलं नाही. नुसतं नाक वर केलं.
धने, दगडफूल, भाजलेलं खोबरं,
तीन वर्षं गालिच्यात मुरलेलं.
"पॉलिसी खाजगी आहे."
आहे.
"वास धंद्याचा आहे."
वास घरचा आहे.
"एवढा?"
आमचं घर तिखट खातं.
कोपऱ्यात एक लेबल उलटं चिकटलं होतं :
वत्सला काळा मसाला, इंदिरानगर, पाव किलो.
पॉलिसीवर पहिलंच नाव वत्सला.
त्यांनी ते वाचलं. वाचताना ओठ हलले.
शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी हातोडा खाली ठेवला,
तेवढ्यापुरतं अंबड गप्प झालं.

मागचं दार राहू द्या, मी म्हटलं. ते जुनंच आहे.
"बरं," ते म्हणाले,
आणि डिकी लावली. लागली नाही.
पुन्हा लावली, जरा उचलून, माहीत असल्यासारखी.
त्यांच्या फॉर्मवर वासाला रकाना नाही.
रंगकामात अडीच हजार वाढले.
साडेतेवीस. त्यातून एक हजार नियमाचे वजा.
मी सही केली. सहीतला व थोडा वाकडा आला.

हेल्मेट घालता घालता विचारलं, "पाव किलो कितीला?"
एकशे ऐंशी. पण तुम्ही असंच न्या.
"नको. असंच नेलं की त्याचं दुसरंच काही होतं."
पिशवीत एक पुडी होती. त्यांनी दोनशे दिले
आणि उन्हात हात पुढे करून उभे राहिले,
वीस रुपयांसाठी, हेल्मेटसकट.
माझ्याकडे सुटे नव्हते.
पिंजारीने गल्ल्यातून काढून दिले, ऑइल लागलेली नोट.

म्हणजे आता पिंजारीचे वीस माझ्याकडे.
गाडी गुरुवारी.
ओझरचे बारा किलो आज संध्याकाळी रिक्षाने पोचवायचे,
रिक्षावाला मीटर टाकत नाही, त्याच्याशी वेगळं बोलावं लागेल.
मागचं दार आहे तसंच राहिलं.
गंजाच्या कडेला खांबाचा रंग अजून आहे,
पिवळा. नखाने निघत नाही.